आपण आपणच आहात का?

माझ्या नावावर एखाद्या भामट्यानं कर्ज काढायचं ठरवलं असतं, तर ते एव्हाना मंजूर होऊन, उचलून, उडवूनही झालं असतं. त्याच्याकडे माझी जन्मतारीख असती, आधारची झेरॉक्स असती, आईचं नाव असतं आणि मुख्य म्हणजे ऐन वेळी चष्मा घरभर शोधायची पाळी त्याच्यावर आली नसती. मी पडले खरी मी. त्यामुळे माझ्याच खात्यातले, माझ्याच पेन्शनमधले महिना पाच डॉलर खर्च करायला निघाल्यावर माझी जी काही झडती झाली, तिच्यावरून माझं ठाम मत झालं आहे की ऑनलाइन व्यवहारात खऱ्या माणसाचं काही खरं नाही.

साताऱ्यात थंडी पडली की आमच्या भिशीत विणकामाला ऊत येतो. एरवी आम्ही साडी, सून आणि सांधेदुखी या क्रमानं बोलतो. डिसेंबरात पहिला नंबर लोकरीचा. अशाच एका भिशीला कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनी नवा स्वेटर घालून आल्या. छातीवर बर्फाचे कण, त्याखाली शिंगं उगारलेली सांबरं, त्याखाली पुन्हा बर्फ. अजिंक्यताऱ्यावर कधी बर्फ पडल्याचं ऐकिवात नाही; पण त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी जागच्या जागी गारठलो.

"कुठनं हो आणला नमुना?" मी शक्य तितक्या बेफिकिरीनं विचारलं.

"ऑनलाइन," वहिनी म्हणाल्या. "परदेशातली साइट आहे. मेंबर व्हावं लागतं. डॉलरमध्ये." 'डॉलर' त्यांनी असा उच्चारला की माझ्या बशीतला उपमा आळला. "तुम्हालाही पाठवते लिंक. पण जमेल का तुम्हाला? पेमेंटची जरा भानगड असते."

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. 'जमेल का' हा प्रश्न मी विचारायचा असतो.

त्याच रात्री, घरची निजानीज झाल्यावर, मी फोन घेऊन बसले. साइट सुरेख होती. नॉर्वेचे नमुने, आइसलँडचे नमुने, बाळाच्या टोपड्यांचा तर अख्खा विभाग. खाली एक फॉर्म होता. नाव लिहिलं. पत्त्यापाशी गाडी अडली. 'झिप कोड'च्या चौकटीत पाच आकडे मावत होते आणि माझ्याकडे पिनकोडाचे सहा होते.

आपला पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारातले अधिकारी आणि त्याबरोबरच संस्कृतचे कवी. अमेरिकेचा पाच आकडी झिप कोड त्याआधी नऊ वर्षं, म्हणजे 1963 सालचा. वेलणकरांनी मात्रा मोजूनच सहा आकडे दिले असणार, याविषयी मला शंका नाही. पण त्या परदेशी चौकटीत दर वेळी वृत्तभंग होत होता. मागचा आकडा गाळला तर पोस्ट ऑफिस बदलत होतं, पुढचा गाळला तर पार राज्य.

तिकडे म्हणे तुम्ही लिहिलेल्या पत्त्यातले आकडे बँकेकडच्या आकड्यांशी ताडून बघतात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन इथं ही पद्धत चालते, कारण तिथं घराला नंबर असतो आणि लोक तो वापरतातही. आमच्या पत्त्यात सिटी सर्व्हे नंबर असतो तो केवळ घरपट्टीसाठी. खरं काम 'दत्तमंदिरामागे', 'पिठाच्या गिरणीसमोर' आणि 'कोणालाही विचारा' हे तिघे करतात. यंत्राला गिरणी ठाऊक नाही आणि ते कोणालाही विचारतही नाही.

पत्ता कसाबसा कोंबल्यावर मी माणूस आहे का, याची चौकशी सुरू झाली. नऊ चौकोन आले. झेब्रा क्रॉसिंग असलेले निवडा. पोवई नाक्यावर जन्म गेलेल्या बाईला हे विचारणं म्हणजे क्रौर्य आहे. आमच्याकडे झेब्रा क्रॉसिंग असतं तेव्हा त्यावर रिक्षा उभी असते; त्यामुळे रिक्षा दिसेना तेव्हा मी 'एकही नाही' असं कळवलं. मग रस्त्याकडेचे अग्निशामक नळ निवडायला सांगितले. त्यातला एक लाल ठोकळा मला टपालपेटी वाटला. शेवटी, संशयाचा फायदा देऊन, मी बहुधा माणूस असावी असं मान्य करण्यात आलं.

आता ओटीपी. माझ्या खात्याला मोबाइल नंबर यांचा जोडलेला आहे, कारण खातं उघडलं तेव्हा घरात मोबाइल एकच होता आणि तो यांच्या खिशात होता. हे स्थानिक निधी लेखा विभागातून निवृत्त झालेले. उभी हयात ग्रामपंचायतींच्या व्हाउचरांवर लाल शाईनं आक्षेप काढण्यात गेली. शाई संपली, सवय राहिली. मी यांना उठवलं.

"अहो, तुमच्या फोनवर ओटीपी आलाय का बघा."

"आलाय."

"सांगा."

"नाही सांगता येणार. खाली स्पष्ट लिहिलंय, हा ओटीपी कोणालाही सांगू नका."

"अहो, मी आहे!"

"कोणालाही म्हणजे कोणालाही. त्यात 'पत्नी वगळून' असं कुठं म्हटलेलं नाही."

ऑनलाइन कार्ड वापरताना कार्डावर न छापलेली आणखी एक खूण पटवणं रिझर्व्ह बँकेनं 1 ऑगस्ट 2009 पासून सक्तीचं केलं. निर्णय चांगलाच आहे. फक्त ती खूण पुढे नवऱ्याच्या मोबाइलवर नांदायला जाईल आणि तिथून माहेरी यायला नकार देईल, याचा अंदाज कोणाला आला नसावा. मी पतिधर्मापासून सुरुवात करून सकाळच्या चहापर्यंत आले, तेव्हा कुठं यांनी आकडे सांगितले. तेही एकेक, विचार करून. तोवर ओटीपीची मुदत संपली होती. पडद्यावर आलं : व्यवहार नाकारण्यात आला आहे.

"बघ," हे समाधानानं पांघरूण ओढत म्हणाले, "बँकेलाही तेच वाटतं."

दुसऱ्या रात्री मी यांचा फोनच ताब्यात घेऊन बसले. ओटीपी वेळेत आला, वेळेत गेला आणि पुन्हा नकार. कारण? सुरक्षेच्या कारणास्तव. पुण्याचा भाचा कॉम्प्युटरमधला. त्यानं फोनवरच निदान केलं : कार्ड परदेशासाठी बंद आहे. 2020 सालच्या नियमानुसार नवं कार्ड देताना ते देशातल्या एटीएमपुरतं आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू असतं. ऑनलाइन नि परदेशी वापराची बटणं आपण हातानं सुरू करायची. बँकेच्या अॅपमध्ये ती बटणं सापडली. आंतरराष्ट्रीय बटण दाबल्यावर 'आपली खात्री आहे का?' असं विचारलं गेलं. मी खात्री दिली. पुन्हा विचारलं गेलं. पुन्हा दिली. लग्नात भटजींनीही मला इतक्यांदा विचारलं नव्हतं.

तरी नकार.

"मावशी, आता बँकेच्या फ्रॉड सिस्टिमनं धरलंय," भाचा म्हणाला.

हे पहारे काही आजचे नाहीत. 1992 साली अमेरिकेत 'फाल्कन' नावाची यंत्रणा आली आणि प्रत्येक व्यवहार तपासून 'या कार्डाचा धनी असा खर्च करणाऱ्यांतला आहे का' ते ठरवू लागली. तेव्हापासून बँकोबँकी असे ससाणे घिरट्या घालताहेत. माझ्या कार्डावर बसलेला ससाणा माझ्या चांगल्या परिचयाचा निघाला. तो हुबेहूब आमच्या यांच्यासारखा आहे. त्याच्यापुढे माझा संसार उघडा : किराणा, गॅस, बीपीच्या गोळ्या, सज्जनगडला जाताना पेट्रोल, दिवाळीला एक साडी. आणि मध्येच एका रात्री अकरा वाजता, लोकरीच्या नमुन्यासाठी, डॉलर! सदर खर्चाचे प्रयोजन स्पष्ट होत नाही. यापूर्वी असा खर्च केल्याचे आढळून येत नाही. तरी खुलासा करावा. यांनी काढला असता तोच आक्षेप, तीच भाषा. फक्त यंत्र चहा मागत नाही.

"अरे, पण पाचच डॉलर आहेत," मी भाच्याला म्हणाले.

"तेच तर! चोर चोरलेलं कार्ड चालतंय का हे आधी छोट्या रकमेनं तपासतात."

"मग पाचशे डॉलरची वर्गणी भरू?"

"ती मोठी रक्कम म्हणून अडेल."

"बरं, मग परत परत प्रयत्न करते. कधीतरी जाईलच."

"मावशी, चोर तेच करतात. तू जितक्यांदा प्रयत्न करतेस तितकी जास्त संशयास्पद होतेस."

आम्हाला शाळेत शिकवलं होतं की प्रयत्नांती परमेश्वर. बँकेच्या मते प्रयत्नांती पोलीस.

एवढ्यात एक फोन आला. यांनीच घेतला. यंत्राचा आवाज होता : आपल्या कार्डावर परदेशी व्यवहाराचा प्रयत्न झाला आहे, तो आपणच केला असल्यास एक दाबा. हे हसले. निवृत्तीनंतर यांनी सायबर गुन्ह्यांचा गाढा अभ्यास केला आहे. घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सुविचार आणि संध्याकाळी फसवणुकीचे प्रकार यांच्याकडूनच जातात.

"एक दाबला की खातं साफ," हे म्हणाले आणि फोन कापला.

"अहो, बँकेचा असेल. बँकांचे फोन आता 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरावरून येतात म्हणे."

"सोळाशे? हा फोन नंबर आहे का इतिहासातलं साल?"

फोन पुन्हा आला. यांनी पुन्हा कापला आणि नंबर ब्लॉक केला. तिकडे बँकेनं उत्तर न आल्यामुळे कार्ड ब्लॉक केलं. बँकेला मी चोर वाटत होते, यांना बँक चोर वाटत होती, आणि या सगळ्यात कोणाचाही एक पैसा चोरीला गेला नव्हता. इतकी निर्दोष सुरक्षा मी पूर्वी पाहिली नव्हती.

मग साइटवाल्यांना कळवलं. तिथं एक मदतनीस तत्परच होता. त्यानं माझ्या अडचणीबद्दल खेद व्यक्त केला, माझा अनुभव त्याच्यासाठी फार महत्त्वाचा असल्याचं सांगितलं आणि बँकेशी बोलायला सुचवलं. तो माणूस आहे का, हे विचारायला माझ्याकडे नऊ चौकोन नव्हते.

बँकेला फोन लावला. त्या दिवसांत कुठंही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यायचे आणि सायबर ठगांपासून सावध करायचे. म्हणजे बँक मला ठग समजत होती आणि बच्चनसाहेब मला ठगांची भीती घालत होते. मी नेमकं कोणत्या बाजूला उभं राहायचं तेच कळेना. बच्चनसाहेबांनंतर सनई, सनईनंतर गृहकर्जाची जाहिरात, आणि मग एक गोड मुलगी.

"मॅडम, सुरक्षेसाठी आधी आपली ओळख पटवते. कार्डावरचं पूर्ण नाव?"

पासबुकात माझं नाव आहे तसं आधारवर नाही. आधारवर आहे तसं पॅनवर नाही. कार्डावर जागा संपली म्हणून आडनाव अर्ध्यात सुटलेलं आहे. मी पर्याय सांगत गेले.

"आईचं नाव?"

"माहेरचं की सासरचं?"

"म्हणजे?"

"अगं, माझ्या आईचं नाव लग्नात बदललं होतं. तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहायचे."

तिकडे शांतता पसरली. बहुधा तांदूळ हा पर्याय तिच्या पडद्यावर नसावा.

"ठीक आहे मॅडम, शेवटचे तीन व्यवहार सांगाल?"

"झालेले सांगू की नाकारलेले?"

चोराला हे सगळं पाठ असतं. तो समोर कागद घेऊनच बसलेला असतो. अडखळत नाही, उसासे टाकत नाही, 'थांब हं, यांना विचारते' म्हणत नाही. आम्ही खरी माणसं आपल्याच आयुष्याबद्दल इतकी ढिसाळ असतो की आमच्यावर विश्वास ठेवायचा तरी कोणी? त्या मुलीनं शेवटी अतिशय नम्रपणे सांगितलं की माझी ओळख पटू शकत नाही, तरी मी स्वतः शाखेत जावं. पुढे म्हणाली, "आजच्या सेवेला किती तारे द्याल?"

शाखेत गेले तर पासबुक छापायच्या यंत्रापुढच्या बाकावर बंगल्यातल्या वहिनी. अंगात तोच सांबरांचा स्वेटर, हातात पर्स घट्ट धरलेली.

"अय्या, वहिनी! इकडे कुठं?" मी.

"पासबुक भरायला. तुम्ही?"

"मीही."

यंत्रावर 'बंद आहे' अशी पाटी होती. आम्ही दोघी पाटीखाली बसून पासबुकाच्या महतीबद्दल बोलत राहिलो. दोघींनीही पासबुक आणलं नव्हतं.

थोड्या वेळानं काउंटरवरच्या तरुण साहेबांनी मान वर केली आणि अख्ख्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ते परदेशी लोकरीच्या साइटचं कोणाचं अडलंय?"

वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मी छताचा पंखा न्याहाळू लागले.

"काकू, तुमचंच ना?" साहेब वहिनींना म्हणाले. "मागच्या महिन्यापासून येताय तुम्ही. आणि तुमचंही तेच का काकू? अरे वा, मैत्रिणी आहात वाटतं!"

वहिनी उठल्या तेव्हा स्वेटरच्या कॉलरमागे एक चिठ्ठी डोकावली. तीवर महाबळेश्वरच्या बाजारपेठेतल्या दुकानाचं नाव होतं. मी ते वाचलं. मी वाचलं हे त्यांनी पाहिलं. आणि आम्ही दोघींनी लगेच हवापाण्याविषयी बोलायला सुरुवात केली.

साहेब सज्जन होते. त्यांनी समजावलं की दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेनं 2019 साली नियम केले आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून ते पक्के लागू झाले. पहिल्यांदा ओटीपी देऊन संमती नोंदवायची. पुढे 15 हजारांपर्यंतच्या रकमेला पुन्हा ओटीपी लागत नाही, पण प्रत्येक वेळी पैसे जाण्याच्या किमान 24 तास आधी बँकेनं कळवायचं. दुकानदार या व्यवस्थेला जोडलेला नसेल तर गाडी अडते. त्यांनी माझं कार्ड मोकळं केलं, खात्याला माझाच मोबाइल नंबर जोडायचा अर्जही भरून घेतला. त्यावर यांची सही लागत नाही, हे ऐकून मला स्त्रीशिक्षणाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

"आता एकच करा, काकू," साहेब म्हणाले. "दिवसाउजेडी, घरच्या वायफायवरून, नेहमीच्याच फोनवरून, कार्डावर आहे तसंच नाव लिहून, एकदाच. सगळी माहिती आधी कागदावर काढून ठेवा. मध्ये थांबायचं नाही, अडखळायचं नाही."

म्हणजे पूर्वतयारी, योग्य वेळ, एकच घाव आणि हात थरथरता कामा नये. प्रामाणिक दिसायला इतकी साधना लागते, याची मला कल्पना नव्हती.

आणि पेमेंट गेलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं. आता माझ्या पुढ्यात नॉर्वे होतं, आइसलँड होतं, टोपड्यांचा विभाग होता. मी पहिला नमुना उघडला. तो इंग्रजी संक्षेपांत लिहिलेला होता आणि त्यातलं मला अक्षरही कळलं नाही. पण तो भाग वेगळा. मी मेंबर होते.

महिना सरत आला. एका दुपारी मी वामकुक्षी घेत असताना माझा फोन वाजला. हे जवळच बसले होते. संदेश बँकेचा, नियमाप्रमाणे 24 तास आधी आलेला : उद्या आपल्या खात्यातून अमुक रक्कम कापली जाणार आहे, नको असल्यास रद्द करण्यासाठी इथं जा. यांनी चष्मा लावला. आगाऊ सूचना देऊन पैसे नेणारा चोर यांच्या अभ्यासात नव्या प्रकारात मोडत होता. नंबर बँकेचा आहे का ते तपासलं, लिंक वापरली नाही, थेट बँकेचं अॅप उघडलं, कायमची संमती शोधून काढली आणि रद्द केली. सगळं इतक्या शिस्तीत, इतक्या सुरक्षितपणे, की रिझर्व्ह बँकेनं यांचा सत्कार करावा. मी उठले तेव्हा हे व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी मजकूर लिहीत होते : 'आज एक मोठी फसवणूक टळली. सावध राहा.'

"किती वाचवले माहितीय का?" हे म्हणाले.

यानंतरच्या भिशीत एका नव्या सुनेनं उत्साहानं विषय काढला, "काकू, तुम्ही दोघी त्या परदेशी साइटच्या मेंबर आहात ना? कशी चाललीय?"

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. कॉलरमागची चिठ्ठी आता कापलेली होती.

"मस्त!" वहिनी म्हणाल्या. "दर महिन्याला नवे नमुने येतात."

"आणि पेमेंटचं म्हणशील तर," मी म्हणाले, "काही म्हणजे काही त्रास नाही."

एवढी मोठी थाप, दोन खात्यांवरून, भर दुपारी, एकाच वेळी. ओटीपी नाही, चौकोन नाहीत, आईचं नाव नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि व्यवहार पहिल्याच फटक्यात मंजूर झाला.